ठिणग्यांची दिशा : इटलीतील एपिफनीच्या होळ्यांचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या इतिहासाच्या सरांची आठवण काढली की त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे येण्याआधी एक शब्द कानावर येतो : 'कशावरून?' वर्गात कुणी उभे राहून तावातावाने काही सांगू लागला, की सर खडू खाली ठेवीत आणि हा एवढाच प्रश्न विचारीत. उत्तर देता आले नाही तर रागावत नसत. 'शोधा, मग सांगा,' म्हणत आणि पुढच्या धड्याकडे वळत. शाळा सुटल्यावर पुष्कळ वर्षांनी, १९८९ साली, याच प्रश्नाचे एक पोस्टकार्ड मला आले. आजचे व्याख्यान हे त्या पोस्टकार्डाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

झाले होते असे. युरोपातील लोकोत्सवांवर मी एका नियतकालिकात लेख लिहिला होता. उत्तर इटलीत ५ जानेवारीच्या रात्री शेतांतून मोठमोठ्या होळ्या पेटवतात, त्यांवर म्हातारीची प्रतिमा जाळतात, हे त्यात वर्णिले होते. शेवटी मी मोठ्या आत्मविश्वासाने विधान केले होते, की हा अग्न्युत्सव ख्रिस्तपूर्व असून तो आणि आपली होळी ही एकाच आदिम अग्निपूजेची दोन अपत्ये होत. लेखाचे कौतुक झाले. सरांचे कार्ड मात्र एका शब्दाचे होते. तेव्हा मला थोडा राग आला, हे कबूल करतो. पुढे साधने वाचत गेलो तसा राग निवळला आणि लेखाविषयीचा अभिमानही निवळला.

प्रथम सणाची ओळख करून देतो. ६ जानेवारीला ख्रिस्ती पंचांगात एपिफनीचा सण येतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'प्रकट होणे'. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांनी, म्हणजे मागींनी, बालयेशूचे दर्शन घेतले, ती कथा पश्चिमेकडील चर्चने या दिवसाशी जोडली. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही कथा आहे. पण ते किती होते हे तिथे सांगितलेले नाही आणि ते राजे होते असेही म्हटलेले नाही. सोने, धूप आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या, म्हणून देणारेही तीन मानले गेले. रावेन्ना येथील सहाव्या शतकातील कुट्टिमचित्रांत मात्र ते तीन आहेत आणि त्यांच्या डोक्यांवर नावेही आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात हेच तीन राजे परिचित आहेत. वेरें येथील रेइश मागुश चर्च त्यांच्याच नावाचे, आणि चांदोर, कासावली येथे ६ जानेवारीला राजवेष केलेल्या मुलांची मिरवणूक निघते. पण गोव्याच्या सणात राजांना मान आहे. इटलीच्या खेड्यांत राजे मागे पडले आणि पुढे आली एक म्हातारी.

तिचे नाव बेफाना. 'एपिफानिया' हा चर्चचा जड शब्द लोकांच्या तोंडी झिजत झिजत 'बेफाना' झाला, म्हणजे सणाचे नावच बाई होऊन बसले. नाक लांब, अंगावर ठिगळांची शाल, हाती झाडू. ५ तारखेच्या रात्री ती धुराड्यातून घरात उतरते आणि टांगलेल्या मोज्यांत गुणी मुलांसाठी मिठाई, खोडकरांसाठी कोळसा टाकून जाते, अशी समजूत. हल्ली कोळसाही साखरेचाच, काळा रंग दिलेला मिळतो. तिची जी कथा सांगतात ती मला फार आवडते. बेथलेहेमला जाणाऱ्या राजांनी तिला वाट विचारली, 'आमच्याबरोबर चल' असेही म्हटले. ती म्हणाली, घर झाडायचे आहे, वेळ नाही. ते गेल्यावर तिला पस्तावा झाला. टोपलीत खाऊ घेऊन ती धावत निघाली, पण ते काही सापडले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक घरात 'तो हाच असेल' म्हणून प्रत्येक मुलाला ती खाऊ देत हिंडते. घरकामात सण हुकलेली बाई आपल्याकडे घरोघर असल्याने या कथेचे भाषांतर करावे लागत नाही.

ही बेफाना मूळची कोण? डायानादेवी, मृत वर्ष, पृथ्वीमाता, बारा रात्री आकाशातून फिरणारी स्त्रीदैवते, असे अनेक तर्क झाले आहेत. असे तर्क करण्याची हौसही जुनी आहे. फ्लोरेन्सच्या दोमेनिको मारिया मान्नी या विद्वानाने बेफानांच्या मुळाविषयी स्वतंत्र पुस्तिका छापली ती १७६६ साली. पण लेखी पुरावा धरून मागे जाऊ लागलो, तर सोळाव्या शतकातील तोस्कानी पद्यापाशी पाऊल अडखळते. तिथून रोमन देवतांपर्यंत हजार वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर मी माझ्या लेखात एका वाक्यात ओलांडले होते.

होळ्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात आणून देतो. राजांच्या सणाचा पुरावा विपुल आहे, कारण त्यात सत्ता गुंतलेली होती. मिलान शहरात सांत एउस्तोर्जो या चर्चमध्ये तिघा राजांच्या अस्थी आहेत अशी श्रद्धा होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने शहर जिंकल्यावर ११६४ साली त्याचा मंत्री राइनाल्ड याने त्या अस्थी जर्मनीतील कोलोनला नेल्या. आजही कोलोनच्या कथीड्रलमध्ये सोन्याच्या पेटीत त्या दाखवतात. अस्थी गेल्या, पण मिलानकरांनी सण सोडला नाही. १३३६ साली तिथे निघालेल्या राजांच्या मिरवणुकीचे वर्णन गाल्व्हानो फियाम्मा या बखरकाराने लिहून ठेवले आहे. अस्थींचे काही अंश मिलानला परत मिळाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे सातशेहून अधिक वर्षांनी. फ्लोरेन्समध्ये तर मेदिची घराण्याने या मिरवणुकीवर आपली मुद्राच उमटवली. १४५९ च्या सुमारास बेनोझ्झो गोझ्झोलीने त्यांच्या वाड्यातील प्रार्थनागृहाच्या भिंतींवर राजांची स्वारी रंगवली, तेव्हा त्या स्वारीत मेदिचींचे चेहरे घातले.

शेतकऱ्यांच्या होळ्यांना असा बखरकार मिळाला नाही. म्हणून त्यांचा इतिहास दुसरीकडे शोधावा लागतो. तो मला सापडला धुराच्या दिशेत, आणि तोच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या जावयांच्या नोकरीच्या निमित्ताने जानेवारीत त्रेव्हिझो प्रांतात राहण्याचा योग आला. व्हेनेतो प्रदेशातील ही होळी 'पानेव्हिन' म्हणून ओळखली जाते. नावातच भाकरी आणि दारू आहे : पान म्हणजे पाव, व्हिन म्हणजे द्राक्षमद्य. गावाबाहेरच्या शेतात द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्या, मक्याची धाटे, झुडपे आणि लाकडे यांचा दुमजली घराएवढा ढीग रचला होता. टोकावर चिंध्यांची म्हातारी, तिला तिथे 'वेच्या' म्हणतात. पाद्रीबुवांनी ढिगावर तीर्थ शिंपडले, लहान मुले गोळा झाली, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी मशाल लावली. थंडी इतकी होती की पाठ गारठलेली आणि तोंड भाजते आहे अशी अवस्था. हातात मसाले घालून उकळलेल्या तांबड्या वाइनचा पेला देण्यात आला. मी तो नम्रपणे शेजाऱ्याला दिला आणि 'पिन्झा' नावाच्या वडीवर समाधान मानले. मक्याचे पीठ, सुके अंजीर, मनुका आणि बडीशेप घालून ही वडी भाजतात. पूर्वी ती कोबीच्या पानात गुंडाळून राखेत भाजत असत.

मग सगळे गप्प झाले. सर्वांच्या माना वर. ठिणग्या कुठे जातात ते पाहायचे होते.

त्रेव्हिझोच्या भागात या ठिणग्यांविषयी यमकात बांधलेल्या म्हणी आहेत. त्यांचा आशय असा : ठिणग्या मावळतीकडे गेल्या तर यंदा कढईभर पोलेंता शिजेल, उगवतीकडे गेल्या तर पोते उचला आणि पीठ शोधायला निघा. पोलेंता म्हणजे मक्याचे पीठ पाण्यात घोटून तांब्याच्या कढईत केलेली घट्ट लापशी, तिथल्या गरिबाचे रोजचे अन्न. पूर्वेला सरकून फ्रिउली प्रदेशात गेलो, की होळीचे नाव 'पिन्यारूल' होते आणि अर्थही फिरतो. तिथे धूर उगवतीकडे गेला तर पोते घेऊन बाजाराला जा, म्हणजे विकण्याइतके पिकेल. मावळतीकडे गेला तर पोते घेऊन जगभर चालते व्हा. तार्चेंतो या गावी टेकडीवरचा मोठा पिन्यारूल पेटतो, तेव्हा एक ज्येष्ठ गृहस्थ धूर पाहून वर्षाचे भविष्य मोठ्याने सांगतात.

एकाच दिशेचे दोन शेजारी मुलखांत दोन उलटे अर्थ. आदिम सूर्यपूजेचा अवशेष म्हणावे, तर सूर्य दोन्हीकडे एकाच बाजूला उगवतो. पण दोन्हीकडे पोते आहे. दोन्हीकडे पीठ आहे. मला वाटते, साधन म्हणून वाचायचे ते हे पोते.

मका हे अमेरिकेतून आलेले पीक. व्हेनेतोच्या शेतांत ते आले सोळाव्या शतकात. तेव्हा कढईभर पोलेंत्याचे भविष्य सांगणारी म्हण, निदान तिचे आजचे रूप, त्याआधीचे असू शकत नाही. मका भरघोस पिकत असे. जमीनमालक गहू विकण्यासाठी नेत आणि कुळांच्या वाट्याला मका उरे. अठराव्या शतकात या भागात एक नवा रोग दिसू लागला, पेलाग्रा. कातडी सोलवटते, पोट बिघडते, माणूस भ्रमिष्ट होतो आणि शेवटी मरतो. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या शरीराला नियासिन हे जीवनसत्त्व मिळत नाही, हे विसाव्या शतकात कळले. मेक्सिकोतील बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत, त्यामुळे तो दोष जाई; युरोपने पीक नेले, पण ही रीत नेली नाही. आपल्या दख्खनला हा रोग अगदीच परका नाही. ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही तो आढळतो, हे १९६० च्या सुमारास हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

म्हणजे ज्या कढईसाठी लोक ठिणग्यांकडे डोळे लावून बसत, ती भरली तरी माणसे मरत आणि न भरली तरी मरत. मग उरले जगभर चालते होणे. १८७६ ते १९०० या काळात इटलीतून जे लोक परदेशी गेले, त्यांत व्हेनेतो आणि फ्रिउलीची माणसे सर्वांत जास्त होती. ब्राझीलच्या दक्षिण भागात त्यांची गावेच्या गावे वसली, आणि व्हेनेतोची बोली तिथे अजून बोलली जाते. फ्रिउलीचे गवंडी आणि कुट्टिमकाम करणारे कारागीर ऑस्ट्रिया-जर्मनीपासून अमेरिकेपर्यंत पोहोचले. धूर मावळतीला गेला तर पोते घेऊन निघा, ही म्हण ज्या गावांत म्हटली जाई, तिथली माणसे खरोखरच पोते घेऊन निघाली. खेड्यातील अग्नीचा याहून नेमका पुरावा मला ठाऊक नाही.

आता एक मोह टाळावा लागतो. कार्लो गिन्झबर्ग या इतिहासकाराने १९६६ साली 'बेनान्दान्ती' हे पुस्तक प्रसिद्ध केले. इन्क्विझिशनच्या फ्रिउलीतील दफ्तरांत १५७५ पासूनच्या जबान्या त्यांना मिळाल्या. गर्भवेष्टनासकट जन्मलेले काही शेतकरी सांगत होते, की वर्षातील चार ठरावीक उपवासकाळांत आम्ही रात्री आत्म्याने बाहेर पडतो. आमच्या हातात बडीशेपेची ताटे असतात, चेटकिणींच्या हातात ज्वारीची. आम्ही जिंकलो तर पीक येते, हरलो तर दुष्काळ. आणि माझ्या हातातल्या पिन्झाच्या वडीत बडीशेप होती! १९८९ सालचा मी असतो, तर इथे एक परिच्छेद लिहून मोकळा झालो असतो. पण त्या रात्री एपिफनीच्या नव्हेत, जबान्यांत होळीला स्थान नाही, आणि बडीशेप उत्तर इटलीच्या पुष्कळ पक्वान्नांत असते. त्या जबान्यांवरून इतकेच निश्चित म्हणता येते, की सोळाव्या शतकातील फ्रिउलीच्या शेतकऱ्याला रात्रीच्या अंधारात एकच चिंता होती आणि ती पिकाची होती.

तीच गोष्ट 'वेच्या'ची. ही म्हातारी म्हणजे जाळलेली चेटकीण, असे पुष्कळ जण म्हणतात. गावकऱ्यांना विचारले तर ते म्हणतात, हे सरलेले वर्ष. पुरावा पहिल्या मताच्या बाजूने नाही, हे मी मानतो. तरीही बाईची प्रतिमा जळताना मुले टाळ्या वाजवतात ते पाहून मी अस्वस्थ झालो, हे सांगितले नाही तर ते अप्रामाणिकपणाचे होईल.

ज्या रूढींच्या जन्माची तारीख आपल्याला ठाऊक आहे, त्या पाहिल्या म्हणजे प्राचीनतेचा हट्ट किती व्यर्थ आहे ते कळते. रोममध्ये पिआझ्झा नाव्होना या चौकातील बेफानाची जत्रा 'सनातन' वाटते. ती तिथे आली १८७२ साली, त्याआधी ती सांत एउस्ताकिओच्या चौकात भरे. फाएन्झा शहरात ५ जानेवारीच्या रात्री 'निबाल्लो' नावाचा पुतळा भर चौकात जाळतात आणि शहराच्या प्रसिद्ध मातीच्या भांड्यांतून 'बिझो' हे गरम मद्य पितात. हा सोहळा १९६४ साली सुरू झाला. म्हणून तो खोटा ठरत नाही. त्या चौकात वाढलेल्या मुलाला तो त्याच्या आजोबांइतकाच खरा आहे.

सत्तेनेही या म्हातारीला मोकळे सोडले नाही. ६ जानेवारी १९२८ रोजी फॅसिस्ट पक्षाने 'फॅसिस्ट बेफाना' सुरू केली. पक्षाचे सरचिटणीस ऑगुस्तो तुराती यांचा त्यात पुढाकार होता. व्यापारी व कारखानदारांकडून वस्तू आणि पैसा गोळा करायचा आणि गरिबांच्या मुलांना पक्षाच्या नावाने खेळणी, कपडे, मिठाई वाटायची. जी म्हातारी न दिसता येई, ती आता मंचावर रांगेत उभे करून देऊ लागली. मुलाला मिळालेली बाहुली खरी होती आणि तिची किंमतही खरी होती, ती आईबापांनी मान तुकवून द्यायची. राजवट कोसळली तशी ही बेफानाही संपली. युद्धोत्तर काळात शहरांत एक मजेदार चाल रुळली होती. ६ जानेवारीला मोटारवाले चौकातील वाहतूक पोलिसाच्या पायाशी बाटल्या, केक, टोपल्या ठेवून जात, आणि तो बिचारा भेटींच्या ढिगात उभा राहून हात दाखवीत असे. पोलिसाला उघड्यावर काही देण्याची अशी सोय आपल्याकडे नाही, हे बरेच म्हणायचे.

पुढे घाला आला तो कायद्याचा. ५ मार्च १९७७ च्या ५४ क्रमांकाच्या कायद्याने एपिफनीसह पाच धार्मिक सणांची सार्वजनिक सुट्टी रद्द झाली. कारण अर्थव्यवस्थेचे होते : सुट्ट्या फार, उत्पादन कमी. चर्चने सण जवळच्या रविवारावर नेला. नंतर १९८४ साली इटली आणि व्हॅटिकन यांच्यात नवा करार झाला आणि २८ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने एपिफनीची सुट्टी परत आली. तेव्हा रद्द झालेले बाकीचे बहुतेक सण देशभरच्या यादीत परतले नाहीत. ज्याच्या मागे घरोघरची मुले उभी होती, तो परतला. होळ्यांपुढे आज जो प्रश्न आहे तो वेगळाच आहे. पो नदीचे मैदान डोंगरांनी वेढलेले, हिवाळ्यात वारा नाही, त्यामुळे हवेत सूक्ष्म धूलिकण साचून राहतात. अलीकडे अनेक ठिकाणी नगरपालिकांनी होळ्यांवर निर्बंध घातले. धूर कुठल्या दिशेला जातो हे पाहणारे लोक आता धूर किती होतो तेही मोजतात. या वादात मी निर्बंध घालणाऱ्यांच्या बाजूचा आहे; पण त्या रात्री त्या शेतात उभा असताना मला हे मत आठवले नाही.

शेवटी आपल्या गावाकडे येतो, कारण आपले गाव आणि ती भूमी यांच्यात रक्ताचा दुवा आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. ज्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या बेळगावात आहे, तिच्या यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये तिबेर नदीच्या खोऱ्यात वीरमरण आले, आणि नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही सेनिओ नदी फाएन्झापासून काही मैलांवर वाहते. १९४४ च्या डिसेंबरअखेर आठवी भारतीय डिव्हिजन, जिच्यात मराठ्यांची पहिली पलटण होती, तोस्कानीतील सेर्कियो नदीच्या खोऱ्यात धाडली गेली आणि बार्गा हे गाव तिने परत घेतले. त्या बार्गात ५ जानेवारीला मुले बेफानाची गाणी म्हणत घरोघर फिरतात. फाएन्झाजवळच्या फोर्ली शहरात भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि तिथेच, ज्यांना अग्नी दिला गेला, त्यांच्या नावांचे स्मारक आहे.

त्या हिवाळ्यात आपल्या तालुक्यांतील शेतकऱ्यांची मुले इटलीच्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांत आणि माजघरांत राहिली. मक्याची धाटे आणि रिकामी पोती त्यांना ओळखीचीच वाटली असतील. सभागृहात बसलेल्यांपैकी कुणाच्या आजोबांनी, पणजोबांनी तिकडून पत्रे पाठवली असतील आणि ती ट्रंकेत अजून जपून ठेवली असतील, तर माझी विनंती आहे, की त्यांच्या प्रती काढून शाळेच्या ग्रंथालयात द्याव्यात. ग्रंथपालांशी मी बोललो आहे. सरांच्या नावाच्या कपाटात त्यांच्यासाठी वरचा खण रिकामा ठेवला आहे.